संत्रं, काडी आणि मलप्रभा: उगमापासून धरणापर्यंत चार दिवस

पहिला दिवस : बेळगाव ते कणकुंबी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. सकाळी सातला स्प्लेंडरला किक मारली तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत चार संत्री, मीटरच्या खुणा केलेली सुतळी आणि शाळेतून ढापलेली लाकडी पट्टी होती. बायकोने संत्री पाहून विचारलं, "उपास आहे काय?" उपास नव्हता. नदीचा वेग मोजायला संत्र्यासारखी वस्तू नाही. बरंचसं बुडतं, वाऱ्याने भरकटत नाही, रंगामुळे लांबूनही दिसतं आणि काम झालं की खाता येतं.

मी मराठी शाळेत भूगोल शिकवतो. "मलप्रभा कणकुंबीस उगम पावते व कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते" हे वाक्य इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की हात आपोआप चालतो. मधे काय होतं ते मात्र सलग कधी पाहिलं नव्हतं. शिवाय आम्ही बेळगावकर पितो ते राकसकोपचं आणि हिडकलचं, म्हणजे मार्कंडेयचं आणि घटप्रभेचं. मलप्रभा आमच्या नळाला येत नाही, त्यामुळे तिची आठवणही येत नाही.

किणये सोडलं, कुसमळीच्या पुलावर थांबलो. पावसाळ्यात या पुलावरून खाली बघताना पोटात गोळा येतो. आज धोंडे उघडे पडले होते आणि मधल्या एका पट्ट्यात पाणी वाहत होतं. स्वच्छ, तळाची गोटी दिसणारं. उतरलो. पात्राची रुंदी सहा मीटर, पट्टीने पाच-सहा ठिकाणी खोली घेतली तर सरासरी वीस सेंटिमीटर. संत्रं सोडलं. दहा मीटर जायला त्याला चाळीस सेकंद लागले. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून थोडं वजा करायचं. वहीत आकडा आला: सेकंदाला साधारण अडीचशे लिटर. पाटबंधारे खात्याच्या भाषेत नऊ क्युसेक. मोजणी ढोबळ आहे, अभियंता हसेल, पण मला तुलनेपुरतीच हवी होती.

जांबोटीत चहा, भजी. हब्बनहट्टीच्या मारुतीला लांबूनच हात जोडले. पावसाळ्यात नदी त्याला बुडवते, आता तो कोरड्या पायऱ्यांवर निवांत होता. पुढे जंगल दाट होत गेलं, आणि दुपारी बाराला कणकुंबी.

माउलीच्या देवळाजवळ तीर्थ आहे. मलप्रभेचा उगम म्हणून तिथे हात जोडतात. पाणी थंडगार, आणि फार थोडं. ज्या नदीवर पुढे हुबळी-धारवाड जगतं तिची ही सुरुवात बघून नवख्या माणसाला फसवल्यासारखं वाटेल. पण उगम म्हणजे एक कुंड नव्हे. या सगळ्या डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सडे आहेत. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस या भागात पडतो, त्यातला बराचसा जांभ्याच्या भोकाभोकांतून आत मुरतो आणि मग महिनोनमहिने झऱ्यांतून हळूहळू बाहेर येत राहतो. फेब्रुवारीत कुसमळीला जे वाहत होतं तो पाऊस नव्हता, गेल्या जून-जुलैत मुरलेल्या पाण्याची पेन्शन होती. वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं हसतात, कारण पेन्शन हा शब्द त्यांना माझ्याशी जुळणारा वाटतो.

गाव पाणलोटाच्या कण्यावर बसलंय. इथल्या पूर्वेकडच्या उतारावरचं पाणी मलप्रभा-कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जातं. पश्चिमेकडचं कळशाच्या नाल्यातून म्हादईला, म्हणजे गोव्याच्या मांडवीला, म्हणजे अरबी समुद्राला. दोन्ही उतारांमधलं अंतर चालत जाण्याइतकं. म्हणूनच तर कळशाचं पाणी इकडे वळवायची कल्पना निघाली. २००६ साली इथे चर खणायला सुरुवात झाली. मग गोव्याने हरकत घेतली, २०१० मध्ये लवाद नेमला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा आला. कळशातून १.७२ टीएमसी आणि भांडुरा नावाच्या दुसऱ्या नाल्यातून २.१८ टीएमसी मलप्रभेत वळवायला मुभा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरात सांगायचं तर २,८३१ कोटी.

तांबड्या मातीतला तो चर संध्याकाळी बघून आलो. कडेला झुडपं वाढली आहेत. एका टपरीवाल्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, "आम्हाला काय वाटायचं सर. उन्हाळ्यात बायका आमच्या घागरी घेऊन फिरतात. पाणी इथलं, भांडतात तिकडचे." सीमाभागात कुठलाही विषय काढा, थोड्या वेळाने माणूस या वाक्यापाशी येतो. मी वही मिटली.

दुसरा दिवस : असोगा, खानापूर आणि मामांचं शेत

असोग्याला रामलिंगाच्या देवळापाशी नदी अजून नदी आहे. खडकांतून खळाळते, डोहात थांबते. एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं, त्यांचा फोटोग्राफर नवऱ्याला पाण्यात उभं राहायला सांगत होता आणि नवरा बुटांकडे बघत होता. इथे मोजलं तर कालच्यापेक्षा थोडं जास्तच भरलं. मधे ओढे मिळतात, ते अजून जिवंत आहेत.

खानापूर म्हणजे कुंभारांचं गाव. इथली माती चिकट आणि प्रसिद्ध, कौलं-विटा-मडक्यांसाठी. घाटावर धुणी चालली होती. त्यातल्या एका आजींना म्हटलं, पाणी आहे की अजून. त्या वर न बघताच बोलल्या, "आता आहे. शिमग्याला ये बघायला."

मामांचं शेत खानापूरच्या खाली, नदीला लागून. गावाचं नाव लिहीत नाही. मामा सत्तरीचे आहेत आणि पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी त्यांच्या दारात जाऊ नये.

लहानपणी मी सुट्टीत इथे यायचो तेव्हा पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा असं पीक असायचं. पाणी द्यायचा प्रश्नच नव्हता, जमिनीत जेवढी ओल तेवढं पीक. मार्चमध्ये रान मोकळं, एप्रिल-मेमध्ये आम्ही त्यात क्रिकेट खेळायचो आणि नदीत म्हशींबरोबर डुंबायचो. आता त्या साडेतीन एकरांत सगळा ऊस. लावल्यापासून तोडीपर्यंत वर्षभराच्या वर उभा. एकरी पीक निघेपर्यंत सत्तर-ऐंशी लाख लिटर पाणी लागतं. त्यातलं काही पाऊस देतो, पण पाऊस ऑक्टोबरला संपतो आणि उसाची तहान तेव्हाच सुरू होते.

"मसुराला भाव मिळतोय होय?" मामा म्हणाले. "ऊस कसा, लावला की लावला. डुकरं शिरली, वारं आलं, तरी काहीतरी पदरात पडतं. कारखान्याचं बिल उशिरा येईल, पण येतं. मसूर ढगाळ हवेनं जातोय." या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा पगार एक तारखेला येतो.

दुपारी मी त्यांना एक विचित्र विनंती केली. पाइपाचं तोंड दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये सोडायचं आणि भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. मोटरीला लागणारी थ्री फेज वीज दिवसा नव्हती. आमच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, या आठवड्यात रात्रीची पाळी, अकरा ते सहा. कर्नाटकात शेतीपंपांना थ्री फेज सात तास मिळते आणि दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीजबिल नाही. बिल नसल्यामुळे मोटर बंद करायला कोणाला घाई नसते. लाईट आहे तोवर चालू, गेली की बंद. मोटर बंद करणारा शेतकरी नसून खांबावरचा करंट आहे, असं मामेभाऊच म्हणाला.

मग रात्रीपर्यंत थांबलो. मामींनी उकड्या तांदळाचा भात, मसुराची आमटी आणि सुक्या बांगड्याची चटणी वाढली. मसूर दुकानातून आणलेले होते. मी काही बोललो नाही, मामींनीच सांगितलं.

दहा वाजता बॅटरी घेऊन नदीवर गेलो. पाणी उथळ वाहत होतं तिथे काठाच्या वाळूत एक बांबूची काडी रोवली आणि पाणी जिथे टेकलं होतं तिथे चाकूने खाच पाडली. मामा काठावर बिडी ओढत बसले. काय करतोयस ते त्यांनी विचारलं नाही. मास्तर आहे, काहीतरी करणारच, असा त्यांचा समज आहे.

अकराला पाच मिनिटं कमी असताना सगळं शांत होतं. लांबून रातवा ओरडत होता. मग पलीकडच्या काठावर एक लाल दिवा लागला आणि घर्रर्र सुरू झालं. मग अलीकडे एक. मग वळणावर तीन-चार एकदम. दोन-तीन मिनिटांत दोन्ही काठ घुमायला लागले. बसलो होतो तो धोंडासुद्धा थरथरत असल्यासारखं वाटलं. मी या नदीवर शेकडो वेळा आलो असेन, पण रात्री अकराला कधी नव्हतो.

आमची मोटर मामांनी पेटीतलं बटण दाबून सुरू केली. मामेभावाने पेटीत मोबाईलचा स्टार्टर बसवलाय. आत सिमकार्ड आहे, घरून फोन लावला की मोटर सुरू. मामांचा त्यावर विश्वास नाही. "फोनवर बोलणारी बाई सांगती, मोटर चालू झाली. ती काय इथं येऊन बघतीय?"

बॅरल भरायला अठरा सेकंद लागले. तीनदा घेतलं, तीनदा अठराच्या आसपास. पाच अश्वशक्तीची मोटर, सेकंदाला अकरा लिटर. बॅटरीच्या उजेडात भागाकार केला. कुसमळीला जेवढी नदी वाहत होती तेवढी उपसायला मामांसारखे तेवीस पंप पुरेत.

रात्री झोप नीट लागली नाही. सहाला लाईट गेली तसा काठावर गेलो. पाणी खाचेच्या तीन बोटं खाली उतरलं होतं. कडेच्या ओल्या वाळूवर रात्रीची रेघ स्पष्ट दिसत होती आणि तिच्याखाली दोन-चार शिंपले उघड्यावर पडले होते. नऊपर्यंत पाणी बोटभर वर चढलं. म्हणजे आमच्या नदीला रोज भरती-ओहोटी येते, आणि तिचं वेळापत्रक वीज मंडळ ठरवतं.

तिसरा दिवस : पारिश्वाडवरून एम. के. हुबळी

मामेभाऊ बरोबर निघाला. त्याला बैलहोंगलात काम होतं आणि त्याची कन्नड माझ्यापेक्षा शंभरपट बरी. निघण्याआधी मामांच्या बांधापासून काठाकाठाने तीन किलोमीटर चाललो आणि नदीत उतरलेले पाइप मोजले. एकतीसपर्यंत मोजले, मग एका कुत्र्याने पुढे जाऊ दिलं नाही. सगळे एकाच वेळी चालत नाहीत, फीडर वेगवेगळे आहेत. शिवाय रानात सोडलेलं सगळं पाणी उसाच्या पोटात जात नाही, थोडं झिरपून पुन्हा नदीकडे येतं. हे दोन्ही सोडून हिशेब केला तर नदी कागदावर रोज आटते. प्रत्यक्षात ती एकदाच आटते, पण शिमग्याला.

पाइप निदान दिसतात. बोअर दिसत नाही. वाटेत एका रानात नवीन बोअरचं काम चाललं होतं, नदीपासून फर्लांगभर. गाडीचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि पांढऱ्या धुळीचा लोट. मालक म्हणाला, "नदीचं पाणी घ्यायचं नाही म्हणून तर बोअर मारायलोय. कुणाला त्रास नको." तो मनापासून बोलत होता. पण उन्हाळ्यात नदीला पाणी देणारी हीच जमीन. बाजूच्या भूजलाची पातळी पात्रापेक्षा उंच असते तोवर पाणी झिरपून नदीत येतं. ती खाली गेली की उलटं होतं, नदीच जमिनीत शिरते. पंप नदीतून घोट घेतो, बोअर नदीत यायच्या आधीच घेतो. एवढाच फरक. हे त्याला तिथे उभं राहून सांगायचं धैर्य झालं नाही, गाडीचं मीटर फुटामागे पडत होतं.

पारिश्वाड मागे पडलं तसा मुलूख बदलला. भात दिसेनासा झाला, तांबडी माती काळी झाली, पाट्यांवरचं कन्नड आता लोकांच्या तोंडातही आलं. खानापुरापर्यंत दुकानदार माझं मराठी ऐकून मराठीत बोलत होते, इथे मामेभाऊ पुढे.

एम. के. हुबळीला नदीच्या पात्रातच गंगांबिकेचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी, आहे. बसवण्णांची पत्नी. पुरात पाणी चढतं म्हणून भोवती भिंत बांधून ते विहिरीसारखं खोल ठेवलंय, खाली उतरून दर्शन घ्यायचं. आज भिंतीला पुरापासून राखण्याचं काम नव्हतं. पुलाच्या वरच्या बाजूला बंधारा, त्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवलेले. कोल्हापुरी बंधारा आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पावसाळा संपता-संपता दगडी खांबांमधल्या खाचांत बरगे घालायचे, दोन ओळींच्या मधे माती ठासायची, जूनला काढायचे. इथले बरगे जुने होते, फटींतून पिचकाऱ्या उडत होत्या आणि एक म्हातारा त्या पिचकारीखाली बैलाला धूत होता.

बंधाऱ्याच्या वर पाणी हिरवं, थांबलेलं, शेवाळाचं. त्यात संत्रं टाकलं. पाच मिनिटं बघत बसलो. संत्रं एका जागी गोल फिरलं आणि काठाला आलं. बंधाऱ्याखाली चपला न काढता पलीकडे गेलो.

म्हाताऱ्याने मामेभावाला काहीतरी सांगितलं. "होळ्याग नीरिल्री," एवढं मलाही कळलं, नदीत पाणी नाही हो. पुढचं भावाने सांगितलं. वरच्या खानापूरवाल्यांनी पाणी ओढलं, असं तो म्हणत होता. आम्ही खानापूरवाले एकमेकांकडे बघितलं.

"त्याला विचार," मी म्हटलं, "त्याची मोटर किती हॉर्सपॉवरची?"

भावाने विचारलं. म्हाताऱ्याने बैलाच्या पाठीवरून हात काढून साडेसात दाखवण्याचा प्रयत्न केला. सात बोटं आणि एक अर्धं वाकवलेलं.

मुक्काम बैलहोंगलात. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत नव्हे पण त्याच्या जवळचं काहीतरी, शेंगदाण्याची चटणी. रस्त्यावर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रेलर, मागे दिवा नाही, आणि गाणी अशी की खिडकीची काच थरथरावी.

चौथा दिवस : नविलुतीर्थ

मुनवळ्ळीवरून नविलुतीर्थ. नविलु म्हणजे मोर. दोन डोंगरांच्या खिंडीतून नदी बाहेर पडते तिथेच धरण बांधलंय, जागा अशी की इंजिनिअर नसलेल्यालाही इथेच बांधावंसं वाटेल. रेणुकासागर. कोल्हापूरपासून इथपर्यंत लोक यल्लम्माच्या डोंगरावर जाताना हे पाणी बघून "उदो गं आई उदो" म्हणतात, आणि त्यांच्या बसच्या खिडक्या त्याच बाजूला भरलेल्या असतात.

धरणाची क्षमता ३७.७३ टीएमसी. पाणी मात्र सगळं आमच्याकडच्या कोपऱ्यातून यायचं. इथे सौंदत्तीत वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सत्तरच्या दशकात धरण उभं राहिलं तेव्हा वरच्या काठांवर मोटरी किती असतील? वीज किती गावांत होती? त्या वेळच्या नदीवर मापून शिवलेला हा अंगरखा आहे, नदी नंतर रोडावली. पुढे वर्षामागून वर्षं धरण न भरताच जायला लागलं. कालव्याच्या शेपटाला, नरगुंद-नवलगुंदला, पाणी पोचेना पण कालव्याने जमीन सुधारते म्हणून लावलेला सुधारणा कर मात्र मागितला जाऊ लागला. १९८० साली तिथे शेतकरी उठले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच नरगुंदमध्ये २०१५ पासून पुन्हा आंदोलन बसलं. मागणी म्हादईच्या पाण्याची.

कळसा आणि भांडुरा मिळून ३.९ टीएमसी. या धरणाचा साधारण दहावा हिस्सा. नरगुंदच्या शेतकऱ्याची तहान खरी आहे, हुबळीच्या नळाला आठवड्याने पाणी यायचे दिवस मी नातेवाइकांकडे स्वतः काढले आहेत. पण कणकुंबीला वळवलेलं पाणी काही बंद पाइपातून धरणात पडणार नाही. ते कुसमळीवरून, असोग्यावरून, मामांच्या बांधावरून येणार. त्या एकतीस पाइपांना हे म्हादईचं, हे मलप्रभेचं असं ओळखता येत नाही.

उलट बाजूही आहे, ती लपवायची नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये हेच धरण इतकं भरलं की सोडलेल्या पाण्याने रामदुर्ग, बदामीकडची गावं, पट्टदकल पाण्याखाली गेलं. त्या वर्षी मामांच्या आंब्याच्या बेचक्यापर्यंत पाणी होतं. म्हणून मामा म्हणतात, एवढं वाहून जातंय, आमच्या पाच हॉर्सपॉवरनं काय होतंय? पावसाळ्यात काहीच होत नाही, हे खरंच आहे. पुराला मोटर दिसतसुद्धा नाही. जे होतं ते नोव्हेंबरनंतर होतं, जेव्हा नदी फक्त झऱ्यांवर चालते आणि ऊस फक्त नदीवर.

बांधाजवळच्या झाडाखाली बसून शेवटचं संत्रं सोललं. आंबट निघालं. पाणी खूप मागे हटलं होतं, भेगा पडलेल्या गाळावर मेंढरं चरत होती. मी वहीत आकडे लिहीत होतो, एवढ्यात मामेभावाचा फोन वाजला. मामा. आज आमच्या फीडरला दुपारची पाळी लागली म्हणे, थ्री फेज आली, पण मामांचा गुडघा दुखतोय, नदीवर उतरवत नाही.

"थांबा बाबा, मी करतो," म्हणत त्याने फोन ठेवला आणि दुसरा नंबर लावला. फोन स्पीकरवर होता. दोन रिंग वाजल्या, मग एका बाईचा स्वच्छ, रेकॉर्ड केलेला आवाज आला : मोटर चालू झाली आहे.

"बघितलंस?" तो माझ्याकडे बघून हसला. "धरणावर बसून चालू केली."